सत्तावीस-क कुठल्या पुस्तकात

कर कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, पार टोकाला, एक खोली होती. दारावर ‘ग्रंथालय’ अशी पाटी होती, पण तिथे वाचायला कुणी जात नसे. लोक जात ते डिंक मागायला. पाकीट चिकटत नाही, ओळखपत्रावरचा फोटो निघाला, साहेबांच्या नावाची पट्टी सुटली, की एकच उत्तर ठरलेलं: “जा, डिंकताईकडे जा.”

डिंकताईचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण पेन्सिलीनं. कायम माणसांची नावं शाईनं आणि हंगामी माणसांची पेन्सिलीनं, अशी त्या कचेरीची रीत. दर सहा महिन्यांनी तिचं नाव खोडरबरानं पुसायचे, एक दिवस घरी बसवायचे आणि परत त्याच ओळीत लिहायचे. चार वर्षांत तिथला कागद इतका झिजला होता की पलीकडच्या पानावरचं शिपायाचं नाव आरपार दिसायचं. आता मात्र आस्थापनेच्या साहेबांनी कायम करायच्या माणसांची यादी केली होती आणि तिचं नाव त्यात सातवं होतं. येत्या शुक्रवारी यादीवर सही व्हायची होती. डिंकताई हल्ली कचेरीचा जिना एक पायरी सोडून एक अशी चढायची.

तिचं काम आताच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल. त्या वेळी कायदा बदलला म्हणून लगेच नवं पुस्तक छापत नसत. सरकारी छापखान्यातून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या, लांबलचक तावांवर छापलेल्या. त्या कापायच्या आणि जुन्या पुस्तकात जागच्या जागी चिकटवायच्या. पुस्तकं दोन. लाल पुठ्ठ्याचं म्हणजे कायदा, तो विधिमंडळानं केलेला. हिरव्या पुठ्ठ्याचं म्हणजे नियम, ते खात्यानं आपले आपण केलेले. दोन्हींच्या अकरा-अकरा प्रती, प्रत्येक साहेबाच्या टेबलावर एकेक जोडी. एक दुरुस्ती आली की अकरा चिठ्ठ्या.

डिंकताईचा हात त्यात असा बसला होता की बघत राहावं. चिठ्ठीच्या फक्त वरच्या कडेला डिंकाची एक बारीक रेघ, म्हणजे चिठ्ठी उचलून खालचा जुना मजकूरही वाचता यायचा. आणि वेळ वाचवायची तिची एक खास युक्ती होती. बाकीचे लोक एक चिठ्ठी कापत, ती चिकटवत, मग दुसरी कापत. ती आधी सगळा गठ्ठा कापून घ्यायची, समासातली बारीकसारीक अक्षरं छाटून पत्त्यांच्या कॅटसारखा साफ करायची आणि मग एका दमात चिकटवत सुटायची. दोन दिवसांचं काम एका सकाळी. ग्रंथपाल नानांनी तिची शिफारस केली ती याच युक्तीवर.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली, तर जिन्याच्या तळाशी वन्सं उभ्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. वरच्या दोन खोल्यांत डिंकताई आणि तिचा चित्रकलेचा मास्तर नवरा, आणि खाली वन्सं आणि त्यांचा मेणबत्त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक मोठी खोली, मेण वितळवायचं तांब्याचं पातेलं, चाळीस साचे आणि वन्संची जीभ. त्या जिभेच्या धाकानं मेणसुद्धा वेळेवर गोठतं, असं मास्तर म्हणायचा. बहिणीच्या माघारी.

“आलीस? ये, ये. तुझ्या कचेरीचं प्रेमपत्र आलंय.”

डिंकताईनं कागद वाचला. मेणबत्तीवाल्यांना दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, किती मेण वापरलं याचं विवरणपत्र द्यावं लागे. वन्सं ते नेमानं बारा तारखेला देत. दीड वर्षाचा, दर महिन्याला दोन दिवसांचा उशीर मोजून कचेरीनं दंड लावला होता, ‘कायद्याच्या कलम सत्तावीस-क अन्वये’. शनिवारपर्यंत भरला नाही तर पातेल्याला सील. हरकत असेल तर गुरुवारी अपील साहेबांपुढे हजर राहावं.

“वन्सं, मग दहाला का देत नाही तुम्ही?”

“अगं, मेणाची गाडी येते अकराला. गेल्या महिन्याचं उरलेलं वजन करून देतो तो गाडीवाला. त्याच्या आधी आकडा लिहायचा तर अंदाजानं लिहावा लागेल. अंदाज सांगायला मी काय हवामान खातं आहे?”

“पण कायद्यात दंड आहे म्हटल्यावर—”

“नाहीये.”

“अहो, लिहिलंय ना इथे. सत्तावीस-क.”

“मला नको शिकवूस. तो कायदा होत होता तेव्हा मी सभागृहाच्या सज्जात बसले होते. दोन दिवस. पाय आखडले माझे. आमचा प्रतिनिधी उभा राहून म्हणाला, गरीब कारागिरांचा कागद उशिरा आला तर त्यांना ताकीद द्या, दंड नको. तासभर भांडले सगळे, मग मंत्री म्हणाले, बरं, दंड नको. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.”

“नंतर दुरुस्ती झाली असेल.”

“झाली असती तर पेपरात आली असती. पेपर मी वाचतेसुद्धा, नुसत्या मेणबत्त्या गुंडाळत नाही त्यात.” वन्संनी कागद तिच्या हातातून काढून घेतला. “उद्या बघून ये. तुझ्याच हाताखाली असतात ना ती पुस्तकं?”

वरती मास्तर म्हणाला, “ताईचं पातेलं गेलं तर ती वर राहायला येईल.” हे त्यानं हसत सांगितलं, पण त्या रात्री तो दोनदा उठून पाणी प्यायला.

बुधवारी सकाळी डिंकताईनं लाल पुस्तक काढलं ते वन्संचं तोंड बंद करायला. सत्तावीस-क होतं. तिच्याच हातची सुबक चिठ्ठी, वरच्या कडेला बारीक रेघ. ‘नमुना सातमधील विवरणपत्र मुदतीत न दिल्यास प्रत्येक दिवसाला दंड होईल.’ झालं. ती पुस्तक मिटणार, तोच तिची नजर पहिल्या दोन शब्दांवर अडकली.

नमुना सात.

चार वर्षं चिठ्ठ्या चिकटवून ती काही वकील झाली नव्हती, पण एक गोष्ट तिच्या बोटांना ठाऊक होती. लाल पुस्तकात नमुन्याचा आकडा कधी नसतो. नमुना म्हणजे छापील फॉर्म, तो खातं काढतं, खातं बदलतं. विधिमंडळातल्या मोठ्या लोकांना फॉर्मचे नंबर माहीतही नसतात. तिनं हिरवं पुस्तक ओढलं. नियम सत्तावीस होता. त्याच्या खाली सत्तावीस-ख. मधला क नव्हताच.

नाना प्रत्येक तावाची एक न कापलेली प्रत कपाटात ठेवत असत. तिनं दीड वर्षापूर्वीचा ताव शोधून काढला. समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापलेलं होतं: ‘नियम’. त्या दिवशी कायद्याचा आणि नियमांचा असे दोन ताव एकदम आले होते. तिनं सगळा गठ्ठा एकदम कापला, समास छाटून केरात टाकला आणि सत्तावीस आकडा बघून लाल पुस्तकात चिकटवून मोकळी झाली. अकराही प्रतींत.

 तो ताव आणि दोन्ही पुस्तकं घेऊन ती नानांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

नानांनी ताव पाहिला, लाल पुस्तक पाहिलं, हिरवं पाहिलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“दरवाजा लाव,” ते म्हणाले.

“नाना, आता काय करायचं?”

“काय करायचं? पाणी लावून अकरा चिठ्ठ्या सोडवायच्या आणि हिरव्यात लावायच्या. दुपारपर्यंत होईल. दंड तोच, दिवस तेच. पुस्तकाचा रंग बदलला, एवढंच.”

“एवढंच?”

नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते सज्जन होते, त्यांना खोटं पटकन जमायचं नाही.

“नाना, खरं सांगा. खात्याला नुसत्या नियमानं दंड लावता येतो?”

“कायद्यानं खात्याला तसं सांगून ठेवलं असेल तर येतो. कलम बावन्न वाच.”

तिनं उभ्या उभ्या वाचलं. विवरणपत्राचा नमुना, ते देण्याची मुदत, जागा आणि रीत ठरवण्यासाठी खात्याला नियम करता येतील. पुन्हा वाचलं. चिठ्ठी आहे का म्हणून नखानं चाचपून पाहिलं. नव्हती, मूळ छापलेलंच होतं.

“यात दंड कुठाय?”

“नाहीये,” नाना म्हणाले. “कुणातरी हुशार माणसानं खात्यात बसून नियमात घुसडला असणार. हिरव्या पुस्तकात राहिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, की बाबा, याला कायद्याचा आधार कोणता? तू लाल पुस्तकात लावलास आणि त्याला मुकुट चढला. लाल पुस्तकाला कोण विचारतो?”

डिंकताईनं लाल पुस्तक मिटलं.

“हे बघ पोरी,” नाना हळू आवाजात म्हणाले, “शुक्रवारी सही आहे. सोमवारी सांग कुणाला सांगायचं ते. मी तुझ्याबरोबर येईन. चार दिवस फक्त तोंड मिटून बस.”

“शनिवारी पातेल्याला सील लागेल.”

“कुणाच्या?”

“माझ्या वन्संच्या.”

नानांनी चष्मा परत काढला.

दुपारभर ती कात्रीला हात न लावता बसून होती. मनाची समजूत घालायला तिनं खूप युक्तिवाद केले. नाना म्हणतात त्यात खोटं काय? दंड तो दंड. कुणी का लावेना, भरणाऱ्याच्या खिशातून तेवढेच जातात. आणि मग तिला एकदम सासूबाई आठवल्या.

सासूबाई होत्या तेव्हा घरात शिस्तीचं खातं वन्संकडे होतं. जेवण किती वाजता, चपला कुठे काढायच्या, दिवे कधी मालवायचे, सगळं वन्सं ठरवायच्या आणि त्यांच्या आईचा त्याला पाठिंबा असे. एकदा वन्संनी जाहीर केलं, साडेआठनंतर येणाऱ्याला जेवण नाही. त्या दिवशी मास्तर पावणेनऊला आला. वन्सं ताट उचलायला लागल्या, तर सासूबाई आतून म्हणाल्या, “वेळ तू ठरव. माझ्या घरात उपाशी कुणाला ठेवायचं ते मी ठरवीन. आणि मी कुणालाच ठेवणार नाही.” वन्संनी ताट परत ठेवलं. इतकं आपटून ठेवलं की मास्तरच्या सदऱ्यावर आमटी उडाली, पण ठेवलं.

त्या वेळी डिंकताई नवी होती. तिला ती गंमत वाटली होती. आता कळलं की उपाशी राहणाऱ्याला त्यात मुळीच गंमत नसते. वन्सं दोन दिवस सज्जात पाय आखडून बसल्या, कारण तिथे त्यांच्या बाजूनं भांडायला कुणीतरी होतं. खात्याच्या बंद खोलीत कोण भांडलं असतं?

एवढं सगळं कळलं, तरी काय करायचं ते ठरलं नाही. कळणं वेगळं आणि शुक्रवार वेगळा. त्या संध्याकाळी ती वन्संना चुकवून, चपला हातात घेऊन जिना चढली.

“दंड सापडला वाटतं!” खालून आवाज आला. “चोरासारखी चढतेयस ती.”

गुरुवारी अपील साहेब आले. हे साहेब चार गावांची अपिलं ऐकत फिरायचे, त्यामुळे त्यांच्याजवळ एक बॅग, एक छत्री आणि पेपरमिंटची पुडी एवढंच असायचं. कायद्याची पुस्तकं ज्या त्या कचेरीनं पुरवायची. ती सुनावणीच्या खोलीत नेऊन ठेवणं आणि लागेल ते पान काढून देणं हेही डिंकताईचंच काम. निघताना तिनं तो न कापलेला ताव लाल पुस्तकात घातला. आपण तो का घेतोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

खात्याच्या बाजूनं बसले होते दंडवाले साहेब. तरुण, टापटीप, सदऱ्याला घडी अशी की हात कापेल. सत्तावीस-क या कलमाखाली त्यांनी त्रेसष्ट जणांना दंड लावला होता आणि प्रत्येकानं निमूट भरला होता. अपील करणाऱ्या वन्सं पहिल्याच. त्या वकील न घेता आल्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात मेणाचा हिशेब.

“बाई, तुमचं म्हणणं काय?” अपील साहेबांनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

“म्हणणं एकच. मी सज्जात होते. मंत्री दंड नको म्हणाले.”

“मंत्री पुष्कळ काही म्हणतात. आपल्याला पुस्तकात काय आहे ते बघायचं. काढा हो सत्तावीस-क.”

डिंकताईनं पान काढून दिलं. 

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. दंडवाले साहेब मान डोलावत राहिले. वन्संनी वाकून पाहिलं.

“साहेब, हे चिकटवलेलं आहे.”

“बाई, अर्धा कायदा चिकटवलेलाच असतो,” साहेब म्हणाले आणि सगळे हसले. वन्संसुद्धा तोंडभर हसायला गेल्या, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं. मग त्यांनी कधी नव्हे तो आवाज खाली आणून विचारलं, “म्हणजे पातेलं जाणार का साहेब? त्याच्याशिवाय काम होत नाही हो माझं.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

डिंकताईनं वन्संचं भांडण ऐकलं होतं, टोमणे ऐकले होते, दारं आपटलेली ऐकली होती. विनवणी तिनं आजवर ऐकलेली नव्हती.

“साहेब, ते कलम नाही,” ती म्हणाली.  “तो नियम आहे. मी चुकून कायद्याच्या पुस्तकात चिकटवलाय. अकराही प्रतींत. हा मूळ ताव. समासात बघा.”

 साहेबांनी ताव डोळ्यांशी धरला.

“आणि अजून एक,” ती घाईनं म्हणाली, नाहीतर नंतर धीर झाला नसता. “या माझ्या वन्सं आहेत. सख्ख्या.”

दंडवाले साहेब ताडकन उठले. “बघा साहेब! नातेवाईक! हा सगळा ठरवून केलेला बनाव आहे. नणंदेसाठी चिठ्ठी—”

“बसा हो,” अपील साहेब म्हणाले. “नणंदेसाठी करायचं असतं तर नणंदेला दंड बसेल अशी चिठ्ठी कशाला लावली असती?”

“तसं आमच्या घरात होऊ शकतं, साहेब,” वन्सं म्हणाल्या.

पेपरमिंट अपील साहेबांच्या घशात गेलं. पाणी आलं, पाठीवर थापा झाल्या. खोकला थांबल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, “मी चार कचेऱ्यांचे महिन्याचे तक्ते बघतो. हा दंड फक्त तुमच्या इथून येतो. मला वाटायचं, काय कामसू माणसं आहेत!”

“पण साहेब,” दंडवाले साहेब म्हणाले, “कायद्यात नसेना का, नियमात तर आहे! शेवटी फरक काय पडतो?”

“कलम बावन्न वाचा बरं बाई तुम्ही. मोठ्यानं.”

डिंकताईनं वाचलं. नमुना, मुदत, जागा, रीत.

“आता यातला दंड हा शब्द मला दाखवा,” साहेब दंडवाल्यांना म्हणाले आणि पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

दंडवाल्या साहेबांनी ओळीवरून बोट फिरवलं. मग उलट दिशेनं फिरवलं. मग चिठ्ठी असेल म्हणून पानाच्या पाठीमागे पाहिलं.

“नाही सापडायचा. कागद कसा असावा, कधी द्यावा, कुठल्या खिडकीवर द्यावा, हे आपण ठरवायचं. तो नाही दिला म्हणून लोकांच्या खिशात हात घालायचा असेल, तर तशी परवानगी त्यांनीच निवडून दिलेल्यांनी आपल्याला दिलेली असली पाहिजे. इथे तर दंडाची गोष्ट निघाली असताना त्यांनी नाही म्हटलंय. या बाई सज्जात होत्या.” त्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. “दंड रद्द. बाई, विवरणपत्र मात्र दहालाच द्यायचं. ती मुदत खरी आहे.”

“आणि मेणाची गाडी?”

“गाडीवाल्याला सांगा कलम बावन्न.”

बाहेर व्हरांड्यात आल्या आल्या वन्सं कमरेवर हात ठेवून थांबल्या.

“म्हणजे ती चिठ्ठी तू चिकटवलीस.”

“हो वन्सं.”

“दीड वर्षापूर्वी.”

“हो.”

“आणि माझ्या जिवाला परवापासून घोर. साधा डिंक लावता येत नाही तुला? काय शिकवलं गं तुझ्या आईनं?” असं म्हणत त्यांनी पदरानं तिचं तोंड खसाखसा पुसलं, तेव्हा डिंकताईला कळलं की आपण रडतोय. “चल, चहा पाज. पैसे तू द्यायचेस.”

शुक्रवारी यादी लागली. सहाव्या नावानंतर एकदम आठवं होतं. आस्थापनेच्या साहेबांनी तिला बोलावून समोर खुलासा मागणारं पत्र ठेवलं. ते वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक रकाना होता, आणि चूक कबूल करणाऱ्यासाठी रकाना नव्हता. चूक करणाऱ्यासाठी होता, तिथे तिला घातलं. तिनं खुलाशात लिहिलं की यापुढे समास न छाटता चिकटवीन, थोडं वेडंवाकडं दिसलं तरी चालेल. शिवाय त्रेसष्ट जणांना दंड परत घेऊन जायची पत्रं लिहायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. घरी मास्तरनं सगळं ऐकून घेतलं, तिची बोटं हातात घेऊन त्यांवरचा वाळलेला डिंक खरवडत बसला आणि म्हणाला, “पेन्सिल वाईट नसते. मी आयुष्यभर तिच्यावरच जगलोय.” तिला हसू आलं नाही. चार वर्षं काढली होती तिनं.

पण कचेरीत एक गंमत सुरू झाली. आठवड्याभरानं दंडवाले साहेब ग्रंथालयाच्या दारात आले. डिंक मागायला नव्हे. हातात एक आदेश होता, सही व्हायची होती.

“अं... डिंकताई, हे जरा बघता? हे कायद्यातलं की नियमातलं?”

तिनं दोन्ही पुस्तकं काढली. “कायद्यातलं. करा सही.”

दुसऱ्या दिवशी आणखी एक साहेब आले. मग आणखी दोघं. अपिलात पुन्हा हसं व्हायला नको, म्हणून आदेशावर सही करायच्या आधी जो तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहू लागला. ती चिठ्ठी उचलून खालचं वाचायची, कपाटातला ताव काढायची, समास बघायची. कधी म्हणायची, “हे नियमातलं आहे, पण कलम एकतीसनं परवानगी दिलीय, चालेल.” कधी म्हणायची, “याला आधारच दिसत नाही, साहेब. हे पाठवू नका.” नाना बाजूला बसून हे ऐकायचे आणि चष्मा पुसायचे. दोन महिन्यांत अशी वेळ आली की सकाळी अकरा वाजता ग्रंथालयाबाहेर साहेबलोकांची रांग, आणि खुर्ची एकच, तीही एका पायानं डुगडुगणारी.

तिमाही तपासणीला वरून लोक यायचे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात आस्थापनेच्या साहेबांनी तिला बोलावलं.

“हे काय चालवलंय तुम्ही?”

“मी काय चालवलं? तेच येतात.”

“तपासणीवाल्यांनी विचारलं, की तुमचे अकरा अधिकारी एका हंगामी बाईला विचारून सह्या करतात, तर मी काय सांगू?” ते खरोखर त्रासले होते. “हंगामी माणसाच्या सल्ल्यानं कामकाज चालतं असं कागदावर आलं तर माझी मान जाईल. रांग बंद करायला सांगितलं, तर साहेबलोक ऐकेनात.” त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकवला. “तेव्हा दुसरा उपाय नाही. पहिल्या तारखेपासून तुम्ही कायम.”

डिंकताईला कागद धड वाचताच येईना.

“पण चूक झाल्याची नोंद तुमच्या फाईलीत राहणार,” साहेब बजावून म्हणाले.

“राहू दे साहेब,” ती म्हणाली. “झालीच होती.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वन्सं साच्यांतून मेणबत्त्या काढत होत्या. तिनं कागद पुढे धरला. वन्संनी हात पुसले, चष्मा लावला, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शिक्कासुद्धा वाचला.

“कायम म्हणजे रजा मिळते ना गं? भरपगारी?”

“मिळते. वर्षाला पंधरा दिवस.”

“मग येत्या बुधवारी एक काढ. वातींचं सूत आणायला जायचंय, आणि तो व्यापारी मला एकटीला पाहिलं की भाव चढवतो.”

“वन्सं, अहो, अजून हातात पडून तास झाला नाही हो कागद!”

“तेच म्हणते मी. अजून चौदा राहतात तुला,” वन्सं म्हणाल्या आणि मोठ्यानं मास्तरला हाका मारायला लागल्या, की खाली ये, बातमी आहे, आणि येताना तीन कप चहा घेऊन ये.